धरणाला चारी बाजूंनी काठ

शनि. १५ नोव्हें.
भात झोडून झालं. रास खळ्यावर पडून, उपणणी वाऱ्यासाठी अडलीय. दुपारी भैरोबाच्या टेकाडावर गेलो, रेंज तिथंच येते. कोकणातून सूनबाईचा, वैशालीचा फोन. आमचा लेक दत्तू काल पहाटे डॉक्टरांना घेऊन होडीतनं गेला, तो अजून परत नाही. खाडीकाठच्या बंगल्यांच्या वसाहतीत तो होडीवर कामाला. हे डॉक्टर तिथलेच, रिटायर, गळाचे शौकीन. एरवी खाडीतच, पण यंदा मोठ्या माशाच्या हौसेनं बाहेर समुद्रात.
मी म्हणालो, पोरी, घाबरू नको. धरणावर वाढलेला गडी आहे.
हिला सांगायला तोंड उघडेना.

रवि. १६
सांगावं लागलंच नाही. माझ्याकडं बघूनच म्हणाली, "अवं, दत्तूचं काय झालं?" आईच ती. मग, "तुमीच पान्याचा नाद लावला त्याला."
खरं आहे. भंडारदऱ्याच्या पाण्यावर गळ, वल्हं, सगळं मीच शिकवलं. एक गोष्ट तर घोटून घेतली होती. इंजिन बंद पडलं तर वल्ही मारून दम घालवायचा नाही, नांगर टाकून बसायचं नाही. होडी वाऱ्यावर सोडायची. वारा कुठल्या ना कुठल्या काठाला लावतोच. एकदा धुक्यात हरवला तेव्हा असाच समोरच्या काठाला लागला होता. लेक शहाणा म्हणून गावभर सांगत फिरलो.
तेवढाच धीर.

सोम. १७
टेकाडावर दोनदा. वैशालीनं तिथल्या नाखव्याला फोन दिला. चार होड्या घेऊन शोधतोय, भला माणूस. म्हणाला, "काका, इंजिन बंद पडलं की आमच्यात पहिला नांगर टाकतात. त्यानंही टाकला असेल. मासे लागतात त्या खडकांजवळच बघतोय आम्ही."
मी विचारलं, होडी वाऱ्यावर सोडली असेल तर?
"असं कोण करील काका? आता थंडीचा वारा जमिनीकडून सुटतो. थेट बाहेर नेईल. तिकडं काठ कुठाय?"
फोन ठेवला. त्याला काय शिकवलंय ते सांगितलं नाही. का नाही बोललो

मंगळ. १८
समुद्र मी जन्मात एकदा बघितला, चपला हातात धरून, काठावरून. आणि निघालो शिकवायला! उंटावरचा शहाणा.
उजाडताच टेकाड चढलो. नाखव्याला सगळं सांगितलं. त्यानं नांगर टाकला नसणार, बाबा. मीच तसं शिकवलंय. खडक सोडा, वारा जातो तिकडं जा, लांब.
तो म्हणाला, "काका, हे काल सांगायचंत ना." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
वैशाली त्याच्या शेजारीच उभी. सगळं ऐकलं तिनं. "मामा," एवढंच म्हणाली. फोन बंद.

बुध. १९
होड्या लांब गेल्यात. आता त्या परत येईपर्यंत काही कळणार नाही.
सकाळी उगवतीकडून झकास वारा. ही म्हणाली, "उपणून घ्या. हाताला काम न्हाई तर येड लागंल." दुखरे गुडघे घेऊन सूप भरून द्यायला आली. मी स्टुलावर उभा. दाणा खाली, फोल मावळतीला. फोल घाटाकडं उडताना बघितलं आणि हातच थांबला. हाच वारा घाट उतरून जातो. हाच माझ्या लेकाची होडी ढकलतोय.
खाली उतरलो. अर्धी रास तशीच. तिला बहुतेक कळलं.

गुरु. २०
वैशालीचा फोन. समुद्रात खूप आत, वाऱ्याच्या रेषेत, बर्फाच्या पेटीचं झाकण सापडलं. डॉक्टरांचंच. म्हणजे होडी गेली तिकडंच. फुटली की नुसतं झाकण पडलं, कुणाला सांगता येईना. होड्या डिझेल भरून पुन्हा निघाल्यात.
शेवटी म्हणाली, "मामा, तिकडं वारा कसा हाय?"
बघून सांगतो म्हणालो. उतरलो तो तडक खळ्यावर. सूप भरलं, स्टुलावर चढलो, डोक्याच्या वर धरून हळूहळू सोडलं. दाणा आणि फोल दोन्ही माझ्या पायांशीच पडलं.
ही ओट्यावरून बघत होती. "वारा पडला जनू?"
खरंच पडलाय का बघायला मी आणखी एक सूप भरलं.