सासूबाईंच्या चालीवर शहराचा आराखडा

तीर्थस्वरूप वन्संना,

एकुलत्या एक भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? धाकट्याचा हलणारा दात पडला, की अजून तो घरभर दाखवत फिरतो आहे? इकडे सगळे खुशाल. तुमचे बंधुराज नेहमीसारखेच, म्हणजे विचारलं तर बरा आहे म्हणतात आणि न विचारलं तर रुसतात.

पुढच्या महिन्यात येऊन आईंना कायमच्या तुमच्याकडे नेणार, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्याकडे लिफ्ट आहे, फाटकावर पहारेकरी आहे, समोर रुंद स्वच्छ रस्ता आहे, आणि आमच्या गल्लीत यातलं काहीच नाही, हे अगदी खरं. त्याचं उत्तर लिहायलाच बसले आहे. पण आधी ऑफिसात काय झालं ते सांगायला हवं, कारण त्या भानगडीच्या मध्यभागी आई आहेत.

मी नगररचना खात्यात नकाशे रंगवते हे तुम्हाला ठाऊक आहे (बंधुराज चारचौघांत ‘शहर घडवते’ असं सांगतात, मीही अडवत नाही). यंदा शहराचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा करायचा आहे. आजवर आराखडा म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा रस्ता रुंद. पण नवे साहेब आले आणि म्हणाले, अंदाजपंचे दाहोदरसे पुरे झालं, यापुढे शाश्वत विकासाचे निर्देशक सांगतील तसं. निर्देशक म्हणजे काय, तर मूल किरकिर करायला लागलं की आपण आधी कपाळाला हात लावून बघतो ना, तसं शहराला कुठेकुठे हात लावून बघायचं, ते. पाणी नळापर्यंत येताना किती गळतं, रस्त्यावर सावली किती, म्हातारं माणूस पायी बाजारात किती वेळात पोचतं. आपली नातवंडं म्हातारी होईपर्यंत शहर राहण्याजोगं उरेल का, हे म्हणे त्यावरून कळतं. मला ही कल्पना इतकी आवडली, की आठवडाभर मी दिसेल त्या नळाखाली वाकून बघत होते.

यातला म्हाताऱ्या माणसाचा निर्देशक माझ्या गळ्यात पडला. खात्यात म्हातारे भरपूर, पण स्वतःला म्हातारं म्हणवून घ्यायला एकही तयार होईना. मग काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला, म्हणून मी आईंनाच विचारलं. वाट आणि वेळ टिपणारं एक छोटं यंत्र त्यांच्या पिशवीत टाकलं आणि सांगितलं, नेहमीसारखं चाला. (त्यांनी आधी विचारलं, ह्यात फोटो निघतो का? मी नाही म्हटलं. तरी इस्त्रीची साडी नेसून निघाल्या.) रोज वेगळा भाग. जिथे त्या भरभर चालल्या तो रस्ता नकाशात हिरवा, जिथे रेंगाळल्या तो लाल.

नकाशा झाला आणि मी कपाळाला हात लावला (माझ्याच). आपली गल्ली लालभडक! शहराबाहेरचा नवा सहापदरी रस्ता हिरवागार! साहेब खूश. म्हणाले, तीस वर्षांत सगळं शहर ह्या हिरव्या रस्त्यासारखं करू, आणि लाल गल्लीपासून सुरुवात. घरांच्या पायऱ्या तोडायच्या, शिंप्याचं दुकान हटवायचं, कोपऱ्यावरचं झाड काढायचं. म्हणजे नकाशा मी रंगवला आणि कुऱ्हाड माझ्याच दारात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण मला चैन पडेना. दोन पाय तेच, पिशवी तीच, मग चाल वेगळी कशी? मी रजा टाकली आणि आईंच्या मागे लागले. गल्लीत त्या किल्लीवाल्यापाशी थांबल्या (त्याच्या मेहुण्याचं लग्न जमतं आहे, मुलगी आईंना पसंत नाही). शिंप्याच्या पायरीवर बसून त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. झाडाखाली उभं राहून वाण्याच्या सुनेला तिचंच बाळ कसं धरावं ते शिकवलं. भाजीपर्यंत पोचेतो भाजीवाली जेवायला गेलेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर गेलो. तिथे ना दार, ना पायरी, ना सावली. आईंनी पदर खोचला आणि अशा सुटल्या, की मला धाप लागली. मी ओरडून विचारलं, अहो, एवढी घाई कसली? मागे वळूनही न बघता म्हणाल्या, “थांबायचं कुणासाठी गं? लवकर संपवायचा रस्ता आहे हा.”

वन्सं, मी भर उन्हात हसत सुटले. आम्ही सगळा नकाशा उलटा वाचत होतो!

साहेबांना पटेना. शेवटी ते स्वतः आईंबरोबर गल्लीतून निघाले. पायरीवर बसवून त्यांच्या शर्टाचं लोंबणारं बटण शिंप्याकडून लावून घेतलं गेलं, त्यांचं वय, पगार आणि पित्त यांची चौकशी झाली. साहेब दुपारी परतले ते म्हणाले, एका बाईवरून आराखडा होत नसतो. मग प्रत्येकाने आपापले आईवडील आणले, सगळ्यांच्या पिशवीत यंत्रं टाकली, आणि सगळे तिथेच रेंगाळले जिथे थांबावंसं वाटतं. आता नवा निर्देशक झाला आहे: माणूस आपखुशीने कुठे थांबतं? आराखडा मंजूर करणाऱ्या समितीचा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे.

तब्येतीला जपा. मुलांना गोड पापा.

तुमची,
भावजय

ता. क. समितीला शंका आल्या तर आईंना पुन्हा चालावं लागेल. तेव्हा पुढच्या महिन्यात त्यांना पाठवणं जमणार नाही. शहराच्या तीस वर्षांचा प्रश्न आहे, आपण घरच्यांनी थोडं सोसायला हवं.

आणखी ता. क. पत्र परत वाचलं आणि लाज वाटली. समितीने आराखडा गेल्याच आठवड्यात मंजूर केला. गल्ली वाचली, आईंचं काम संपलं. तरी त्यांना नेऊ नका हो. आई तुमची, पहिला हक्क तुमचा. सुट्टीत न्या, सणावाराला न्या. पण तुम्ही ‘कायमच्या’ असं लिहिलंत, तेव्हापासून मला भाजी चिरताना रडू येतं, आणि भाजी दुधी असते. आईंना विचारलं, जाल का? त्या म्हणाल्या, न्याल तिथे जाईन. पण हे त्या फार भरभर म्हणाल्या.

शेवटचा ता. क. यातलं काही तुमच्या बंधुराजांच्या कानावर घालू नका. आम्हा सासूसुनेचं पटत नाही अशी त्यांची लग्नापासून समजूत आहे, आणि सकाळी सकाळी भांडण नको म्हणून चहा तेच करतात, दोघींना दोन खोल्यांत नेऊन देतात. ती समजूत आम्ही दोघींनी फार मेहनतीने टिकवली आहे.