पाईपावरची लाल रेघ

१४ ऑक्टोबर, दुपार

ती. ताईंना नमस्कार.

मागच्या दोन पत्रांना तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्ही खुशाल आणि रागावलेल्या आहात असं धरून चालते. इकडे तुमच्या भावाची तब्येत बरी आहे. माझे गुडघे आहेत तसेच. हवा चांगली आहे. डबा गळतो आहे.

तुम्ही याला पत्र्याचा डबा म्हणालात तेव्हा मला राग आला होता. आता मीही डबाच म्हणते, फक्त हे जवळ नसताना. गाडीला जोडून ओढायचं घर ते. एक पलंग, दोन शेगड्या आणि कपाटाएवढं न्हाणीघर. साबण हातातून निसटला तर तो उचलायला दार उघडून बाहेर यावं लागतं. फ्लॅट विकून हे घेतलं, उरलेलं आयुष्य फिरत काढू म्हणून निघालो आणि कितीतरी दिवस एकाच मैदानात उभे आहोत. आजूबाजूला असेच डबे. लोक येतात, दोन दिवस राहतात, जातात. आम्ही आपले तिथेच. मैदानाच्या मॅनेजरबाई मला चिडवतात, "काकू, दारावर नावाची पाटी लावून देऊ का?"

गळतीचं सांगते. पाण्याची टाकी पलंगाखाली आहे. नळ उघडला की एक छोटा पंप घुरघुरतो, नळ बंद केला की गप्प होतो. आमचा पंप सगळे नळ बंद असताना मधेच घुरघुरायला लागला. हे लगेच म्हणाले, "कुठेतरी पाणी जातंय. त्याशिवाय हा बोलायचा नाही." जन्मभर कारखान्यातले पाईप सांभाळलेला माणूस, अंगात एकदम उत्साह आला. पलंगाखालच्या फळ्या निघाल्या. भांडी बाहेर, कपडे बाहेर, मीही बाहेर. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवायचा आणि कुठला भिजतो ते बघत बसायचं. भिजला तो सिंकखालचा. प्रवासाच्या हादऱ्यांनी तिथला नट सैल झाला होता.

यांनी तो पान्याने आवळला आणि मला नटावरून पाईपावर एक सरळ रेघ ओढायला लावली. पुन्हा नट हलला तर रेघ तुटलेली दिसते, ही यांची कारखान्यातली पद्धत. तिथे त्यासाठी रंग असायचा, इथे माझी नेलपॉलिश कामी आली. तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही दिलेली, लालभडक. या वयात कुठे लावू म्हणून ठेवून दिली होती, ती शेवटी पाईपाला लागली.

इतक्या जवळचं यांना चष्मा लावूनही दिसत नाही. म्हणून रोज सकाळी मी टॉर्च घेऊन सिंकखाली डोकं घालायचं. हे बाहेरून विचारणार, "सरळ आहे?" मी म्हणणार, "सरळ आहे." कागद कोरडे राहिले. मग पुढे निघायचा दिवस ठरला, आणि त्या दिवशी मला जाग यायच्या आतच हे सिंकखाली आडवे पडलेले. कागद ओला. पुन्हा सगळं घर बाहेर, वॉशर बदलले, नट आवळला, मी नवी रेघ ओढली. पुन्हा कोरडं. पुन्हा निघायचं ठरलं.

माझ्या नाकी नऊ आले आहेत, ताई. गादीला ओलसर वास येतो. चमचा हवा असेल तर तो डब्यात आहे की बाहेर बाकावर, इथून सुरुवात. जेवायला काय करू हेसुद्धा विचारावंसं वाटत नाही.

*

इतकं लिहून पत्र कालपासून पडून आहे. जे सांगायला बसले होते ते सोडून बाकी सगळं लिहून झालं.

परवा निघायचं होतं. हे गाडीची काच पुसत होते, तेवढ्यात मी सिंकखाली टॉर्च मारली. रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, पाईपावरचा भलतीकडे, चांगला अर्धा फेरा. डबा जागचा हललेला नाही. उभ्या घरात आवळलेला नट आपोआप एवढा फिरत नाही, हे यांच्याशी संसार करून मलाही कळतं. तो कुणीतरी पान्याने फिरवला होता, आणि डब्यात माणसं दोनच.

बाहेरून आवाज आला, "सरळ आहे?"

"सरळ आहे," मी म्हटलं.

काच पुसायचं फडकं खांद्यावर टाकून हे दाराशी आले. मग म्हणाले, "मग दुसरीकडून कुठूनतरी जात असेल. बघायला पाहिजे. आज काही निघणं होत नाही." यांना किती हायसं वाटलं होतं, ते त्या आवाजात तुम्ही ऐकायला हवं होतं.

इथे आलो त्या दिवशी डबा मागे घेताना यांनी शेजारच्या डब्याला धडक दिली. फुटला फक्त एक दिवा. कुणी वाकडा शब्द बोललं नाही, उलट चौघं मदतीला धावले. पण यांना स्टिअरिंगवरचे हात काढवेनात, आणि मी ते बघितलं हे यांनी बघितलं. तेव्हापासून गाडीत बसतात, काच पुसतात, किल्ली फिरवत नाहीत. पुढे जायची भीती वाटते. मागे यावं तर तुम्ही. "दोन महिन्यांत माझ्या दारात परत याल," तुम्ही म्हणालात. "तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही," हे म्हणाले. दोघं एका आईची लेकरं, आणि मधे मी.

रेघेची पद्धत ज्याची, तोच ती विसरला? की मला दिसावी म्हणूनच नट तसा ठेवला? मला ठरवता येत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. मी दमले आहे, ताई. हे माझ्याहून जास्त दमले आहेत, आणि त्यांना ते तोंडाने म्हणता येत नाही.

म्हणून एक मागते. तुमच्या सिंकखालच्या पाईपाला यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. तुमचा निरोप आला की हे ताटावरून उठायचे. "तिच्या घरचे पाईप दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत," असं चारचौघांत सांगायचे. तर यांच्या नावाने दोन ओळी लिहा. या, असं लिहू नका. झालं गेलं काढू नका. गोड तर अजिबात बोलू नका, संशय येईल. नेहमीसारखं चिडून लिहा की सिंकखाली पाणी साचतंय, माणसं येऊन गेली, कुणाला जमलं नाही. डबा इथे राहू दे, मॅनेजरबाईंशी मी बोलून ठेवलं आहे. पान्यांची पिशवी घेऊन आम्ही बसने येऊ. एकदा यांचं पाऊल आत पडलं की पुढचं आपण दोघी बघू.

आणि नुसतं लिहून भागायचं नाही. हे आले की पाण्याचा घोट घ्यायच्या आधी सिंकखाली हात घालतील. पाईप कोरडा लागला तर पिशवी उचलून आल्या पावली परत फिरतील. तेव्हा आम्ही यायच्या आधी त्या पाईपाचा नट खरोखर सैल करून ठेवा. अर्धा फेरा पुरे.

रोज 'सरळ आहे' म्हणणारी,
तुमची भावजय