राजपुत्राच्या लग्नातला वधूपिता

गुरुजी, या देशात नारळ तासून, संन्याशाच्या डोक्यासारखे गुळगुळीत करून विकतात. शेंडी म्हणून नाही! असलं मुंडित फळ कलशावर ठेवताना माझा जीव कसा कासावीस होतो, ही तक्रार तुमच्याशिवाय कुणाकडे नोंदवू? आठवडाभर अप्पर हट नावाच्या गावात एका फार्मसीत गोळ्या मोजतो, सुट्टीला तुम्ही शिकवलेलं पौरोहित्य करतो. आणि परवा मी चक्क एका राजपुत्राचं लग्न लावलं. हसू नका.

तो युरोपातल्या एका राजघराण्यातला धाकटा. ती अमेरिकेतली, पार्ट्यांमुळे गाजलेली, दोनदा घटस्फोट झालेली. त्याच्या घरच्यांनी पाठ फिरवली, पेपरांनी तिला सोलून काढलं. फार्मसीत ते वाचून मीही यथेच्छ हसलो होतो. त्या सगळ्याला कंटाळून दोघं इथे, पृथ्वीच्या टोकाला, तळ्याकाठच्या एका लॉजवर आले. योगाच्या वर्गात तिने सप्तपदीबद्दल ऐकलं होतं म्हणे. संकल्पात त्याची अकरा नावं घेता घेता मला धाप लागली. तिला गोत्र नव्हतं, काश्यप दिलं. मग विचारलं, वधूपिता कुठे आहेत?

"ही सेड नो," ती म्हणाली, आणि हात पुढे करून तशीच बसून राहिली.

मला तुम्ही दिसलात. मी तुमच्याकडे शिकत असतानाच्या त्या पोरक्या मुलीच्या लग्नात तुम्ही सरळ वधूपित्याच्या पाटावर जाऊन बसता आहात, आणि मी मागून शास्त्राधार विचारतो आहे. "आधी हातावर पाणी घाल, गाढवा! शास्त्र जेवणानंतर काढू." मीही तसाच पाटावर बसलो. कन्यादान केलं. तिचा हात गारठलेला होता. तो हातात घेतला आणि मी मुळापासून हादरलो.

कारण माझी स्वतःची मुलगी इथल्याच मनुरेवा उपनगरातल्या एका सामोअन बसड्रायव्हरशी लग्न करते आहे, आणि "माझ्याकडून कन्यादान होणार नाही" असं मी तिला केव्हाच बजावलंय. तिची आई तर हे बघायला उरलीच नाही.

लग्नाचा फोटो पेपरात आला. मुलीचा फोन.

"बाबा, इज दॅट यू?"

"हो."

"सो, यू डिड इट फॉर हर."

"अगं, तिच्या बाजूचं कुणीच नव्हतं तिथे."

"माझ्या बाजूचं पण कुणी नसणारे, बाबा."

एरवी ती माझ्याशी मराठीत बोलत नाही.  ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. फोन मी ठेवला.

ती आता पुन्हा विचारणार नाही, गुरुजी. आणि 'मी येऊ का' हे मला तिला विचारता येत नाहीये.