पिठाच्या डब्यामागचं कार्ड

सुपा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मार्था वहिनी,

प्रभूच्या नावात सलाम. नाताळातल्या तुझ्या करंज्या अजून पुरवून खातेय. डबा परत करायचा राहिलाय, शिव्या घालू नकोस.

तुझी रेश्मा सांगत होती, आई तीन आठवडे खोकतेय आणि उसाच्या पाचटाच्या धुरावर ढकलतेय. धुराला कशाला नावं ठेवतेस? हा खोकला तू घरात ऐकलेला आहेस.

माझं काम काय, असं विचारलं होतंस. एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेल्या माणसाला चालेल असं औषध आमचा गट शोधतोय. टीबीची मुख्य गोळी यकृताला इतकं कामाला लावते की एचआयव्हीची गोळी रक्तात टिकत नाही. दुसरीला धक्का न लावणारी टीबीची गोळी आम्हाला हवीय. सध्या उंदरांवर चाललंय, अजून कैक वर्षं लागतील. तोवर डॉक्टर एचआयव्हीच्या गोळीचा डोस वाढवून देतात आणि माणसं जगतात. फक्त डॉक्टरला दोन्ही आजार माहीत असावे लागतात.

गिदोनदादा एचआयव्हीच्या गोळ्या आणायला नगरला जायचा, कोपरगावात कुणी बघू नये म्हणून. गावातल्या दवाखान्यात टीबी निघाला तेव्हा त्याने मला फोन केला होता. "स्टेला, हितं दुसरं सांगितलं तर रविवारच्या आत समद्या चर्चला कळंल. काय करू?" मी म्हणाले, "मग ज्या त्या दवाखान्यात एकच सांग. रक्त बाहेर तपासलंय, काही निघालं नाही म्हणावं." दोन दवाखाने, दोन कार्डं, एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही.

तू अजून म्हणतेस, त्यांनी गोळ्या चुकवल्या असतील, मीच लक्ष दिलं नाही. गिदोनदादाने एकही गोळी चुकवली नव्हती, वहिनी.

पुढचं लिहायला हात धजत नाही. दादाच्या त्या फोननंतर चार महिन्यांनी मी या गटात आले. पहिल्याच आठवड्यात हे सगळं वाचलं. लगेच फोन लावला. तू उचललास. "आज दोन भाकरी खाल्ल्या ह्यांनी," म्हणालीस. किती खुशीत होतीस. मी "बरं झालं" म्हटलं आणि ठेवून दिला. सांगितलं असतं तर लपवायला कुणी शिकवलं तेही निघालं असतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत सात आठवडे गेले, आणि मग मी दादाच्या मातीलाच आले.

आताही फोनवर "बरं झालं" म्हणून ठेवीन, म्हणून पत्र लिहितेय.

सत्तावीसला, सोमवारी, पहिल्या एसटीने येते. तूही दादासारख्याच एचआयव्हीच्या गोळ्या घेतेस. पिठाच्या डब्यामागे लपवलेलं तुझं कार्ड काढून ठेव. खोकल्याची तपासणी करू आणि डॉक्टरला ते कार्ड दाखवू. तुझ्याने बोलवलं नाही तर मी बोलेन, बाहेरच्या बाकावर अख्खं चर्च बसलेलं असलं तरी. नंतर मला उंबऱ्याबाहेर काढ, मी तोंड उघडणार नाही. पण आधी दवाखाना.

तुझ्या नवऱ्याला गप्प राहायला सांगून स्वतःही गप्प राहिलेली,
स्टेला