पुलाखालचा पाझर

अण्णा, मला भीती वाटते आहे, आणि ती सांगायला तुमच्याखेरीज कुणी सुचत नाही. पर्वतीजवळच्या कालव्यावरच्या जुन्या दगडी पुलावर मी आज सकाळपासून तीनदा जाऊन आले. खाली वस्तीत उतरायचं म्हणून जाते आणि कठड्याला धरून परत फिरते.

पुलाला लागून, कालव्याच्या मातीच्या भरावाच्या बाहेरच्या अंगाला जो पाझर आहे, तो तुमच्या कालव्यावरच्या नोकरीच्या दिवसांतलाच. तुम्ही रोज गवतातून उतरून ते पाणी काचेच्या पेल्यात धरायचात आणि पेला उन्हात ठेवून विडी ओढत बसायचात. पाणी निवळ असेल तर भ्यायचं कारण नाही. तळाशी माती बसली, की भराव आतून पोखरतोय, असं तुम्ही मला शिकवलंत. लहानपणी एकदा तुम्ही मला पाठवलंत, तर सापाच्या भीतीने मी न उतरता वरूनच, कालव्यातलं पाणी भरून आणलं. पेल्यातली माती बघून तुम्ही अनवाणी धावलात आणि खालची सगळी वस्ती घराबाहेर काढलीत. माझी लबाडी उघड झाल्यावर लोक तुम्हाला हसले. मी मार खायच्या तयारीत उभी होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "हसू देत. हसायला शिल्लक तरी आहेत."

परवा माझ्या पेल्यात माती बसली. या वेळी मी खाली उतरूनच पाणी धरलं होतं. कचेरीत घेऊन गेले, तर तिथला साहेब म्हणाला, "आजी, आमच्या नळालाही असंच येतं. माणूस पाठवू. तोवर उगाच अफवा पसरवू नका." माणूस अजून आलेला नाही.

माझी लेक त्याच वस्तीत भाड्याने राहत होती. काल तिला आणि नातीला मी घरी आणलं. तिच्या शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, "काय हो काकू, एकदम निघालात?" मी म्हटलं, "शाळा जवळ पडते." सगळ्यांना बाहेर काढलं आणि काहीच झालं नाही, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं वाटलं. कालव्याची भीती आहेच, पण त्या घडीला मी लोकांच्या हसण्याला भ्याले. त्या बाईने आमची गादी डोक्यावर घेऊन पुलावरच्या रिक्षापर्यंत पोचवली. पोरं घरात एकटी आहेत म्हणून ती लगबगीने परत खाली उतरली, आणि मी तिला जाऊ दिलं.