मामांच्या डाव्या दाढेविषयी

आदरणीय मामा,

भाच्याचा नमस्कार. (साष्टांग घालत नाही. कुणापुढे आडवं पडायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. शिवाय खाली वाकलं की दाढेच्या जागी अजून ठणका उठतो.) तुमची तब्येत उत्तम असेल, मामींचे गुडघे कुरकुरत नसतील, आणि तुम्ही रोज सकाळी वर्तमानपत्राशी मोठ्याने भांडत असाल असं धरून चालतो. भांडत नसाल तर मात्र मला काळजी वाटेल. मी ठीक आहे. नोकरी टिकून आहे. (हे वाक्य आईला वाचून दाखवा. बाकीचं पत्र नको.)

दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या गालात कापूस कोंबला आणि ते माझ्यासमोर खुर्चीत आडवे झाले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. आता तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, कोण डॉक्टर, कसला कापूस, गधड्या, सुरुवातीपासून सांग. तर सुरुवातीपासून.

कॉलेजचं तुम्हाला ठाऊकच आहे. प्राध्यापकांशी वाद, मग दार आपटणं, मग मुठीत राहिलेली दाराची मूठ. (ती अजून माझ्याकडे आहे. परत करायची तर परत आत जावं लागेल.) वादात शेवटचा शब्द आपला हवा, आणि तो सापडला नाही तर दार आपटावं, म्हणजे दाराचा शब्द शेवटचा ठरतो, हे मी तुमच्याकडे पाहून शिकलो. तेव्हापासून मी पाट्या रंगवायच्या दुकानात आहे. अक्षरं मालक काढतात, चित्रं आणि कडा माझ्याकडे. एका दवाखान्याच्या पाटीवर मी दात काढला होता. ती वाळत ठेवली होती तेवढ्यात एक मुलगी पाटी न्यायला आली. कोपरापर्यंत वाळलेलं पांढरं प्लॅस्टर, कारण ती वडिलांच्या दवाखान्यात कवळ्यांचे साचे ओतते. ती पाटीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हा दात आहे की मुळा? मी जरा घुश्शातच म्हटलं, दात आहे. तर म्हणे, कुणाचा?

मामा, मी तिथल्या तिथे संपलो. त्यानंतर त्या पाटीला मी इतक्या वेळा रंग दिला की ती उचलायला दोन माणसं लागायला लागली.

पुढचं थोडक्यात सांगतो. (तुम्ही हसाल. माझं थोडक्यात आणि तुमचं थोडक्यात एकाच घराण्यातलं.) आम्ही भेटायला लागलो. बागेतल्या बाकावर, बेकरीसमोर, कधी नुसतंच चालत. एकदा मी म्हटलं, रविवारी सकाळी भेटू. ती म्हणाली, सकाळी चर्च असतं, दुपारी भेट. ती ख्रिस्ती आहे, हे एव्हाना मला कळायला हवं होतं, पण मी तिच्या कोपराकडे बघत होतो. मग काय, तुमचा भाचा. बाकावर बसल्या बसल्या मी तिला विश्वाची उत्पत्ती, दुःखाचा प्रश्न आणि पुरावा कशाला म्हणतात, हे सगळं एका दमात ऐकवलं. तुमची ठेवणीतली उदाहरणंसुद्धा वापरली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, झालं? मग रविवारी घरी जेवायला ये, हे बाबांना सांग. मला भूक लागलीय.

मी रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जेवायला बसलो. त्या दोघांनी डोळे मिटले आणि डॉक्टरांनी हळू आवाजात अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. मी चमचा उगारलेला तसाच. डोळे मिटावेत की नाही हे न ठरल्यामुळे मी एकच मिटला. आता गप्प बसायला काय झालं होतं? पण आपल्या घराण्यात ती सोय नाही. त्यांनी डोळे उघडल्याबरोबर मी म्हटलं, देवाचे आभार मानलेत, पण ज्या माणसाने चुलीपाशी घाम गाळला त्याचे मानलेत का? डॉक्टर म्हणाले, मटण मीच शिजवलंय, पण विचारल्याबद्दल आभारी आहे. आणि त्यांनी मला वाढलं.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी आवाज चढवून विचारलं, तुम्ही मानताच का. ते जितके शांत, तितका मी तापलेला. (शांत माणसाशी भांडणं म्हणजे गादीवर बुक्के मारणं. हात दुखतो आणि गादी तशीच.) शेवटी मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं की तुमचा देव असलाच तर त्याने मला आत्ता, या क्षणी काहीतरी करून दाखवावं, आणि तावातावात हाडासकट घास चावला. कडकन आवाज झाला. माझी दाढ दुभंगली.

मामा, हा निव्वळ योगायोग होता. दाढ आधीपासून किडलेली होती, हे पुढे तपासणीत सिद्ध झालं आणि त्याचा फोटो माझ्याकडे आहे. पण त्या वेळचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. ती टेबलाखाली वाकून हसत होती. डॉक्टरांना एक शब्द बोलायची किती नामी संधी होती! तुम्ही त्या जागी असतात तर तुम्ही ती वर्षभर पुरवून वापरली असती. त्यांनी फक्त विचारलं, वरची की खालची? ते मला इतकं झोंबलं की मी उठलो, बाहेर आलो आणि दार आपटलं. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ पडल्याचा आवाज मला जिन्यात आला.

दुसऱ्या दिवशी माझा गाल एवढा सुजला की मालकांनी मला गिऱ्हाइकांसमोर यायची बंदी केली. संध्याकाळी ती आली. मला वाटलं, माझी विचारपूस करायला. (अर्धा भाग तोच होता.) ती म्हणाली, बाबांना माझ्यासाठी पटवायचं नाहीये तुला, लग्न कुणाशी ते मी ठरवीन. पण ज्या माणसाला माझ्या बाबांसमोर बसून एकदाही नीट बोलता येत नाही, त्याच्यासोबत मी आयुष्यभर एका टेबलाशी कशी बसू? उद्या दवाखान्यात ये. जिंकायला नाही, बोलायला. नाहीतर राहू दे. तिने ‘राहू दे’ इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला पहिल्यांदा भीती वाटली. रागावलेल्या माणसाची मला सवय आहे. ती रागावली नव्हती. ती खरंच विचार करत होती.

म्हणून गेलो. खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिवा आला, इंजेक्शन झालं, तोंडात आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं. मग ते म्हणाले, तू त्या दिवशी विचारलंस, मी का मानतो. आता तुला उत्तर देतो, तुला वेळ आहे ना? मी म्हटलं, आँ.

मामा, तोंड उघडं आणि जीभ बिनकामाची, अशा अवस्थेत मी जन्मात पहिल्यांदा कुणाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. ते काम करत करत बोलत होते, मध्येच ‘जरा अजून उघड’ म्हणायचे आणि पुन्हा तिथूनच धागा उचलायचे. त्यांची बायको आजारी होती तेव्हा त्यांनी खूप प्रार्थना केली. ती गेली. (आता मला माझा मुद्दा सुचला. मी म्हटलं, आँ! ते म्हणाले, हो, दुखेल थोडं.) प्रार्थना फळली नाही हे त्यांना माझ्याइतकंच दिसतं, कुणी सांगायची गरज नाही, असं ते म्हणाले. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी निरोप पाठवले. रोज येऊन बसणारा मात्र त्यांचा एक मित्र होता, ऑपरेशनला भूल देणारा, देव वगैरे अजिबात न मानणारा. तो काही बोलायचा नाही. तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसायचा, यांना चहा करून द्यायचा आणि जायचा. त्यामुळे न मानणाऱ्या माणसाला काळीज नसतं असं मला कुणी सांगू नये, म्हणाले. मग तरी तुम्ही का मानता, हे मी डोळ्यांनी विचारलं. (डोळ्यांनी पुष्कळ विचारता येतं. मला माहीतच नव्हतं.) ते म्हणाले, ती गेल्यावर मला कुणाशी तरी कडाडून भांडायचं होतं. मी रोज देवाशी भांडलो. आणि एक दिवस लक्षात आलं, की जो नाहीच म्हणतात, त्याच्याशी भांडताना मी इतक्या दिवसांत एकदाही एकटा पडलो नाही. हा पुरावा नाही. पुरावा मागशील तर माझ्याकडे नाही. माझ्याकडे एवढंच आहे.

त्यांनी दाढ उपटली, तोंडातलं सगळं बाहेर काढलं आणि मी तुटून पडायला तोंड मिटतो तोच म्हणाले, थांब. आता तुझी पाळी. हे त्यांचं नेहमीचं आहे, हे मला नंतर तिने सांगितलं. त्या भूल देणाऱ्या मित्राशी वाद घालतानाही ते असंच करतात. एकजण तोंड बंद झालेला, दुसरा बोलणार, मग जागा बदलायची. त्यांनी कापसाच्या गुंडाळ्या घेतल्या, दोन्ही गालांत कोंबल्या, मला उठवलं, स्वतः खुर्चीत आडवे झाले आणि दिवासुद्धा स्वतःवर ओढून घेतला.

मी उभा. ती साच्यांच्या खोलीच्या दारात, हातात ओलं प्लॅस्टर. आणि मामा, मी तुमची सगळी उदाहरणं विसरलो. कारण आजवर कुणीतरी मध्ये तोडायचंच, त्यामुळे माझ्या तिसऱ्या वाक्यानंतर काय येतं हे मी स्वतःच कधी ऐकलं नव्हतं. अर्धा ओठ बधिर, हनुवटीवर लाळ, दिव्याखाली एक म्हातारा माणूस गाल फुगवून माझ्याकडे बघतोय. मी विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि दोन वाक्यांत ती संपली.

मग मी जे बोललो ते तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. बाबा गेले त्या दिवशी घरात माणसंच माणसं होती आणि जो तो माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत होता, देवाला आवडले, देवाची मर्जी. मी लहान होतो. मी हिशेब लावत बसलो की देवाची अशी मर्जी व्हावी असं मी काय केलं होतं. आदल्या दिवशी मी बाबांशी खोटं बोललो होतो. म्हणजे तेच असणार. मग तुम्ही आलात. तुम्ही मला पायरीवर घेऊन बसलात आणि म्हणालात, कुणी नेलं नाही रे त्यांना. कुणाची मर्जी नव्हती. हृदय बंद पडलं, बस. तू काही केलेलं नाहीस. चल, दूध पी. मामा, माझा देव गेला तो त्या पायरीवर. रागाने नाही. मला त्याहून मायेचं कुणी काही बोललेलंच नाही. इतकी वर्षं मी जे भांडतोय ते त्या वाक्याला कुणी हात लावू नये म्हणून, हे मला माझ्याच तोंडून, बधिर ओठाने, तिथे कळलं.

डॉक्टरांनी कापूस लगेच काढला नाही. तसेच पडून राहिले. मग उठून बसले, कापूस काढला, आणि म्हणाले, मला तुझं पटलेलं नाही. मी म्हटलं, मलाही तुमचं नाही. ते म्हणाले, बरं झालं. पण माझी बायको गेली तेव्हा मीसुद्धा हाच हिशेब लावत होतो, माझं काय चुकलं. तुझ्या मामांसारखं कुणी येऊन पायरीवर बसलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचं एवढं एक वाक्य मी माझ्या देवाला सांगेन. चूळ भर.

बाहेर पायरीवर तिने विचारलं, जिंकलास? नाही. हरलास? नाही. मग काय केलंस इतका वेळ? मी म्हटलं, चूळ भरली. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना होणार, रोज. तू काय करणार, एक डोळा मिटणार? मी म्हटलं, दोन्ही उघडे ठेवीन आणि हात मांडीवर. तिने विचार केला आणि म्हणाली, हात मांडीवर कशाला, तेवढ्यात पेल्यांत पाणी ओत. प्रार्थना संपते तेव्हा बाबांना नेहमी तहान लागते.

तर मामा, मला काम मिळालं आहे. मोठ्यांना नमस्कार, मामींना विशेष. कळावे, लोभ आहेच, आणि राग असला तर तोही चालेल.

आपला,
अर्ध्या जबड्याचा भाचा

ता.क. तुमची डावी खालची दाढ. तुम्ही बरेच दिवस उजव्या बाजूनेच चावता, हे मामींनी मला सांगितलंय, नाकारू नका. येत्या गुरुवारी सकाळी मी तुमची वेळ घेतली आहे. आधी डॉक्टर बोलतील, मग तुम्ही. कापूस त्यांच्याकडे भरपूर आहे. खरी गोष्ट अशी की तिने घरातलं मोठं माणूस लग्नाची बोलणी करायला आणायला सांगितलंय, आणि मला तुमच्याहून मोठं कुणी नाही. येताना उदाहरणं कमी आणा. दवाखान्याचं दार काचेचं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

ता.क. पुन्हा. मामींनी आणखी एक सांगितलं. त्या दर आठवड्याला प्रार्थनासभेला जातात आणि त्यांना गाडीवरून सोडता तुम्ही, बाहेर झाडाखाली उभे राहून वाट बघता तुम्ही, आणि पाऊस असला तर छत्री घेऊन दारापर्यंत जाता तेही तुम्हीच. लग्न झाल्यापासून! एका शब्दाने कधी टोचलं नाही म्हणे. मामा, मला वाद घालायला शिकवलंत, हे का नाही शिकवलंत? माझी एक दाढ वाचली असती.

ता.क. शेवटचं. आज रविवार आहे. पाटीवरचा दात मी काल पुन्हा रंगवला, ती म्हणते अजून मुळाच आहे. खालून हाक मारतेय, जेवायला उशीर होतोय, पाण्याचा जग मलाच भरायचाय. पत्र इथे संपवतो. निघालो. बाहेर आलो, आणि उरलेल्या दोन ओळी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून लिहितोय, कारण तुम्हाला सांगायचं होतं की मी दार लावलं. ते लागलं की नाही, हे मला परत ढकलून बघावं लागलं.