सत्तावीसपैकी सत्तावीस

सोमवार, ३ मार्च. संध्याकाळ
आजपासून खारूच्या दम्याची जबाबदारी माझी. ताई कारखान्यात रात्रपाळीला, भाऊजी बोटीवर. घरात शिस्तीचा माणूस मी एकटाच. (खारू म्हणजे भाची. वय सात. पुढचे दोन दात मोठे, म्हणून खारू. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिले.)

इस्पितळात सिस्टरने सात प्रश्नांचा कागद दिला. गेल्या महिन्यात त्रास किती झाला, याचे प्रश्न. चार खारूने हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवून सोडवायचे, तीन मी. एकूण मार्क सत्तावीस. एकोणीस किंवा त्याहून कमी पडले तर दमा आटोक्यात नाही. आम्हाला सोळा.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ठीक आहे, बघू. 'ठीक आहे' हे शब्द मी दहावीच्या निकालाला ऐकले आहेत. दोन्ही वेळा.

नंतर सिस्टर स्पेसर कसा धुवायचा ते सांगत होत्या. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधले प्लास्टिकचे नळकांडे. औषध त्यात उडते, तिथून खारू ते आत ओढते. मी त्या वेळी भिंतीवरच्या तक्त्यातील शुद्धलेखनाच्या चुका पाहत होतो. तीन निघाल्या. सांगितल्या. सिस्टर म्हणाल्या, बरं. आभार मानले नाहीत.

संकल्प: पुढच्या वेळी सत्तावीसपैकी सत्तावीस.

बुधवार, ५ मार्च
स्पेसर धुतला तरी अंधुक दिसतो. चष्म्याच्या दुकानात काचा घासून माझा हात बसलेला आहे. दुकानातले मऊ फडके आणले, काडीला गुंडाळून आतूनही घासला. आता ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसते. रोज डोस देण्याआधी घासायचा, असे ठरवले.

खारूने त्यातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, आत दमा दिसतो का. दुर्लक्ष केले.

सोमवार, १० मार्च
तयारी सुरू केली. चेहरे वहीत काढून घेतले. पळताना त्रास होतो का, या प्रश्नाला खारूने रडका चेहरा दाखवला. कारण शोधले: ती पळतेच फार. खेळाच्या बाईंना चिठ्ठी दिली. आता ती कट्ट्यावर बसून इतर मुलींच्या चपला सांभाळते. पळताना अजिबात त्रास नाही. इतका सोपा उपाय कुणाला सुचला नव्हता.

खारूने विचारले, कमी मार्क पडले तर तुला रागावतात का. म्हटले, मला नाही, पण वाईट दिसते. तिने मान डोलावली. पोर समजूतदार आहे.

शुक्रवार, २१ मार्च
रात्रीचा खोकला बंद. मला तरी ऐकू आला नाही. (कानात कापूस घालून झोपतो. दुकानातल्या मशीनचा आवाज डोक्यात राहतो, त्यावर इलाज.) ताई सकाळी आली तेव्हा खारू उशीत तोंड खुपसून झोपलेली होती. ताई म्हणाली, ही अशी कधी झोपत नसे. मी म्हटले, सवयी सुधारत आहेत.

सोमवार, ३१ मार्च
पंचवीस!

खारूने न अडखळता चेहरे दाखवले. फक्त खोकल्याच्या प्रश्नाला माझ्याकडे पाहिले. मी पापणी लवू दिली नाही. डॉक्टरीण बाईंना आश्चर्य वाटले. दोनदा विचारले, नक्की ना. मी म्हटले, मेहनत आहे. त्यांनी छातीला नळी लावली, म्हणाल्या, आत्ता तरी साफ आहे, आणि रोजच्या नारिंगी पंपाचा डोस निम्मा केला. बढतीच म्हणायची.

दुकानात सांगितले. मालक म्हणाले, पास कोण झालं, तू की भाची? मालक सहसा कौतुक करत नाहीत.

दोन मार्क कुठे गेले ते शोधायचे आहे.

मंगळवार, ८ एप्रिल
निळा पंप पुन्हा रिकामा. तो फक्त अडचणीच्या वेळी वापरायचा असतो आणि आम्हाला अडचण नाही. औषधवाल्याने विचारले, एवढा कोण ओढतं हो? मी म्हटले, पंप गळका आहे. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. कंपनीला तक्रार लिहिली, पंपासकट पाठवली. दीड पान. एकही खाडाखोड नाही.

गुरुवार, १७ एप्रिल
शाळेतून फोन. दुकानातून तसाच धावलो, हातात कुणाचा तरी चष्मा.

खारू बाईंच्या खुर्चीत पुढे वाकून बसली होती. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत जात होता. बोलायला गेली तर एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द.

इस्पितळात तिला वाफेचा मास्क लावला. डॉक्टरीण बाईंनी विचारले, रात्री त्रास होत होता का. मी म्हटले, एकदाही नाही. वर्गाच्या बाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, ती रोज मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये निळा पंप घ्यायची, आम्हाला वाटलं घरी माहीत आहे.

डॉक्टरीण बाईंनी खारूलाच विचारले, सांगायचं नाही का गं घरी? खारूने मास्क जरा बाजूला केला.

"मामाचे... मार्क जातील."

पुढे काही लिहीत नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल
लिहितो. खारू बरी आहे. दोन दिवस तिथेच ठेवणार आहेत.

सिस्टर म्हणाल्या, स्पेसर कसा धुता ते दाखवा. दाखवला. धुतला, फडके काढले, घासला. सिस्टरनी तो उजेडात धरला. मग म्हणाल्या, इतका चकचकीत स्पेसर मी अजून पाहिलेला नाही.

मग समजावले. प्लास्टिक कोरड्या फडक्याने घासले की त्यात वीज भरते. औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसते, मुलीच्या छातीत फार थोडे जाते. साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि तसाच सुकू द्यायचा. पुसायचा नाही. हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, असेही म्हणाल्या. तक्त्याचा विषय काढला नाही. नवीन तक्ता लावलेला दिसला.

घासले की प्लास्टिकची काच धूळ ओढते, म्हणून कोरडी घासू नका, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

ताईला सगळे सांगितले. वाटले, ओरडेल. ती म्हणाली, "जा, तू जेवून घे. मी बसते." ओरडली असती तर बरे झाले असते. तिने रात्रपाळी सोडायचा अर्ज दिला आहे.

गुरुवार, २४ एप्रिल
कंपनीचे पत्र. पंप तपासला, दोष आढळला नाही. तक्रार मागे घ्यावी. घेतली.

कानातला कापूस टाकून दिला. खारू रात्री खोकते. बरीच खोकते. पूर्वीही खोकत असणार.

सोमवार, २८ एप्रिल. संध्याकाळ
पुन्हा तोच कागद. पहिल्या प्रश्नाला खारूचे बोट हसऱ्या चेहऱ्याकडे निघाले, मध्येच थांबले, तिने माझ्याकडे पाहिले. सिस्टर म्हणाल्या, मामा, तुम्ही जरा बाहेर बसा. बाहेर बसलो. शेजारच्या बाईंनी विचारले, मुलगी कशी आहे. म्हटले, माहीत नाही, विचारत आहेत.

अकरा.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आता उपचार करता येतील. नारिंगी पंपाचा डोस वाढवला, खेळाची चिठ्ठी फाडायला सांगितली. बाहेर आल्यावर खारूने विचारले, अकरा म्हणजे नापास ना. म्हटले, हो, पण मी. तिला ते पटले. लगेच पटले.

घरी आल्यावर स्पेसर धुतला. ओट्यावर उभा करून ठेवला आहे. आतून पाणी ओघळते, पांढरे डाग राहणार. फडके खिशातच आहे. हात शिवशिवतो. खारू समोर खुर्ची घेऊन बसली आहे, माझ्यावर लक्ष ठेवायला.